पस्तीस हजार फुटांवरची आखाजी

“मी होतो तुहा बाप, पण जेवण पोटभर पाह्यजे,” मलकापूरचा दीपक म्हणाला आणि सामानाच्या पेटीवर, पाटावर बसावं तशी मांडी घालून बसला.

हे बोलणं चाललं होतं विमानाच्या पोटात. थाप वाटेल, पण काही जुन्या थोराड विमानांत प्रवाशांच्या पायाखाली स्वयंपाकघर असतं. खिडकी नाही, सदा एकच पांढरा दिवा, आणि गारठा असा की लोणी आठ दिवस टिकावं. तिथे जीवन आणि दीपक तीनशे माणसांचं जेवण गरम करत आणि एका बुटक्या लिफ्टमधून वर पाठवत. लिफ्टला मुक्काम दोनच. एक हा, दुसरा वरचा मजला.

जीवन लोणारजवळच्या बीबी गावचा. त्याचे वडील उकंडराव पौषात गेले, म्हणून ही त्यांची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी एखाद्या जित्या माणसालाच पितर म्हणून बसवतात, गंध लावतात, गेलेल्याचं नाव घेऊन जेवू घालतात. हा जेवला की तो जेवला. जीवनला रजा मिळाली नव्हती. आईने, कौशल्याबाईंनी, फोनवर एवढंच सांगितलं होतं की तू एकुलता एक, घास तुझ्याच हातचा लागेल. नाहीतर माणूस उपाशीच फिरत राहतो.

पण खरी अडचण रजेची नव्हतीच. उकंडरावांनी लेकाच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. जीवन हॉटेलचं शिकायला निघाला तेव्हा ते म्हणाले होते, “बाप्या माणसानं लोकाईचे ताटं वाढाव काय? मेलो तरी तुह्या हातचं नाही खाणार मी.” माणूस शब्दाचा पक्का. शेवटच्या दुखण्यात जीवनने दवाखान्यात खिचडी करून नेली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच गेले.

आदल्या दिवशी खोलीवर जीवनने स्वतः पुरण वाटून पोळ्या केल्या होत्या. कढी, कुरडई, आंब्याचा रस, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. दीपक भिंतीवरच्या नकाशात सरकणारं इवलंसं विमान बघून अंदाज सांगत होता, की बाराच्या ठोक्याला आपण लोणारच्या तळ्यावर असू, आणि खाली पाय सोडले तर थेट बीबीत टेकतील.

जीवनने गंधाचं बोट पुढे केलं आणि वरून फोन आला. एक हवाईसुंदरी चक्कर येऊन पडली होती, हाताखाली माणूस हवा होता. दीपक कोरड्या कपाळानेच शिडी चढला. ताट लिफ्टने धाड, पडद्यामागे खातो, म्हणाला.

“बसून खाय बे,” जीवन म्हणाला. “पितर उभ्यानं नसते जेवत.”

बारा वाजले. आणि इथे जीवनची चूक झाली. नाव घ्यायचं ते समोर बसलेल्या माणसाकडे पाहून. समोर तर कुणीच नव्हतं. त्याने ताट लिफ्टमध्ये ठेवलं, गंध ताटाच्या काठाला टेकवलं आणि ताटालाच म्हणाला, “आबा, जेवाले बसा.” मग बटण दाबलं.

लिफ्टच्या दाराला तळहाताएवढी काच होती. आतला उजेड रोज त्या काचेतून वर सरकायचा. आज तो खाली सरकला.

खाली जायला जागाच नव्हती. खाली विमानाचा पत्रा, पत्र्याखाली पस्तीस हजार फूट हवा, आणि हवेखाली बीबी. तरी लिफ्ट घरघरत उतरत राहिली. विहिरीत पोहरा सोडावा तसा आवाज लांब लांब गेला. मग थांबला.

फोन वाजला. दीपक होता. “काऊन बे, ताट कुठं हाय? लिफ्ट आलीच नाही वर.”

जीवनने फोन ठेवला. तो दारापाशी उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग घरघर पुन्हा सुरू झाली, खालून. काचेत उजेड चढला. त्याने दार उघडलं.

ताट चाटूनपुसून रिकामं. रसाची वाटी बोटाने निपटलेली. उचलायला गेला तर हात पोळला. त्या गारठ्यात ताट वैशाखाच्या उन्हात तास दीड तास पडल्यासारखं तापलेलं. बुडाला काळ्या मातीचे कण.

तो ताट पोटाशी धरून तसाच उभा राहिला. बोटं भाजत होती, पण त्याने ते खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात लिफ्टची घंटी वाजली. वरच्या मजल्याचा दिवा लागलेला नव्हता. घंटी पुन्हा वाजली, जरा लांबट. जेवताना वाढप्याची वाट पाहणारं माणूस ताटावर बोट वाजवतं, तशी.

पितर जेवल्याशिवाय घरच्याने जेवायचं नसतं. म्हणून जीवनचं स्वतःचं ताट अजून झाकलेलंच होतं. त्याने त्यातल्या दोन्ही पोळ्या काढल्या, त्यांवर तूप सोडलं, उरलेला रस वाटीत ओतला आणि सगळं लिफ्टमध्ये ठेवलं.

मग पेटीवर बसून, उपाशी पोटी, तो ती खाली उतरत जाणारी घरघर ऐकत राहिला.