लाटेला दिलेली हूल

भाट्याच्या खाडीवर गनी तांडेल बोलायला बसला की ओहोटीसुद्धा ऐकत थांबायची. त्याचा लाडका शब्द हूल. इकडे जातो असं भासवायचं आणि तिकडे सटकायचं, ती हूल. कबड्डीतला गडी हूल देतो, किनाऱ्यावरचा खेकडा देतो, आणि पाहुणे दिसताच मागच्या दारानं पसार होणाराही देतोच.

पण गनीची हूल थेट दर्याला. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, तिथं लाटा फुटतात.

"मी होडीचं तोंड उत्तरेला फिरवलं," तो सांगायचा. "लाट तिकडं धावली, मी दक्षिणेनं आत. बिचारी मला शोधत वेळणेश्वरापर्यंत गेली."

"परत आली का?" चहा पाजत आत्माराम मास्तर विचारायचे.

"अजून पत्ता विचारत फिरते, मास्तर."

खरं तर तो वाळूबाहेर इंजिन धिमं करून लाटा मोजायचा. तीन मोठ्या गेल्या की पाणी जरा दम खातं, तेवढ्यात नाकासमोर आत. पण मोजणाऱ्याला चहा कोण पाजणार?

दोन हजार तीन साली गनीचा उजवा हात लुळा पडला. मुलगा साकिब कुवेतहून आला आणि सुकाणू धरायला निघाला.

"आधी दोन दिवस बस माझ्यासमोर. शिकवतो."

"अब्बा, तुमची हूल लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. तोंडपाठ आहे."

गनीला ते इतकं गोड लागलं की तो पुढं काही बोललाच नाही.

ऑगस्ट सरताना दर्या उठला. साकिबची होडी परतत होती, सोबत दोन खलाशी. गनी काठावर उभा. पहिली मोठी लाट गेली. "एक," तो पुटपुटला. तेवढ्यात होडीचं तोंड उत्तरेला वळलं.

"सरळ धर! साकिब, सरळ!"

वाऱ्यानं आवाज मागंच फेकला. दुसरी लाट आडव्या होडीवर कोसळली. खलाशी पोहत आले. साकिब दुसऱ्या दिवशी दुपारी भाट्याच्या वाळूत सापडला.

दफन उरकून मास्तर गनीजवळ बसले. "लाटच फसवी निघाली, तांडेल."

"लाट कसली फसवते, मास्तर. तिला कुणी फसवतही नाही. मी नुसता मोजायचो. तीन गेल्या की आत."

आतल्या खोलीतून साकिबची आई ताजबी दारात आली.

"हे साकिबला सांगितलं होतंत?"

"नाही," गनी म्हणाला.