कुंडीतल्या म्हाताऱ्याचं फूल

आमच्या मेक्सिकोतल्या मेस्तितलानच्या दरीत पांढऱ्या केसांच्या निवडुंगाला सगळे म्हातारा म्हणतात. डोंगरावर दोन पुरुष उंच झाला की तो फुलतो. कुंडीत फुलत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

सासूनं अट घातली ती म्हणूनच. नवरा लिओबार्दो उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला गेला तो गेलाच. ना फोन, ना निरोप. काही वर्षांनी गिरणीवाल्या फिदेन्सियोनं मला मागणी घातली, तेव्हा सासू अंगणातल्या कुंडीतल्या म्हाताऱ्याचे केस साबणाच्या पाण्यानं धुऊन विंचरत होती.

"हा माझ्या लेकाच्या जन्माला लावलाय," ती म्हणाली. "तो मेला तरच हा फुलेल. मग खुशाल कर लग्न."

"कुंडीत कधी फुललाय का, आई?"

"मग बस वाट बघत!"

बसते कसली! मी मोठी कुंडी आणली, हाडांचा चुरा घातला, त्याला तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवलं. ती विंचरायची, मी खाऊ घालायची. पुढे त्याच्या एका अंगाला, फुलण्याआधी येते तशी लोकर दाटली आणि कंगव्यात काळे केस येऊ लागले. राठ, लिओबार्दोचे होते तसे. सासू ते गुपचूप शालीआड ठेवायची. माझी भीतीनं गाळण उडायची, पण चुरा घालणं काही मी थांबवलं नाही.

ईस्टरनंतरच्या एका सकाळी अंगणात वटवाघळांसारखा वास भरला. लोकरीतून फिकट गुलाबी फूल वर आलं होतं. सासू रडली नाही. तिनं सुतकाची काळी शाल घेतली, मयताच्या घरी झाकतात तसा आरसा झाकला.

"सुटलीस," म्हणाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुपारी दारावर थाप पडली. "आई! ओटिलिया! अगं, मी आलोय!"

आवाज त्याचाच. मी कडीकडे धावले, तर सासूनं मनगट धरलं.

"फुलानं सांगितलंय तो मेला. मग बाहेर कोण आहे?"

"आवाज ओळखत नाही तुम्ही?"

"ओळखते गं. म्हणून तर भिते. खाली वाकून बघ, सावली आहे का. असली तर उघड. गिरणीवाल्याला नाही म्हणून मी कळवते."

"पाणी तरी द्या!" बाहेरून तो हसत ओरडला. "ऊन केवढं आहे!"

मी वाकले. दाराखालच्या फटीतून धुळीनं माखलेले बूट दिसले, आणि बुटांना चिकटून काळीभोर सावली.

"सावली नाही, आई," मी म्हणाले, आणि कडीवर अडसरही घातला.