बॉनेटवरचे एक्केचाळीस अंश

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. तापाचा नव्हे, हवेचा. उगाच काखेत धरायला जाऊ नका. बोलायचं त्राण फारसं उरलेलं नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात पारा भरला, अंगावर रेघा कोरल्या आणि मला मोजणी खात्यात धाडलं. तिथे माझा थाट काय विचारता! दरीच्या या काठावर लेसरचं यंत्र आणि सव्वा किलोमीटर पलीकडे, डोंगराच्या उतारावर ठोकलेला आरसा. प्रकाश आरशापर्यंत जाऊन परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. पण हवा तापली की विरळ होते, प्रकाश जरा लवकर परततो आणि अंतर आहे त्याहून कमी दिसतं. एका अंशाला किलोमीटरमागे साधारण एक मिलिमीटर. म्हणून मला विचारून यंत्राचं उत्तर दुरुस्त करायचं.

मोजणीबाई दर महिन्याला मला छत्रीच्या सावलीत, वाऱ्यावर टांगायच्या आणि दहा मिनिटं थांबायच्या. जीपचे ड्रायव्हरभाऊ छत्री धरून वैतागायचे. "बाई, जावयाचेसुद्धा एवढे लाड नसतात हो!" बाई नुसत्या हसायच्या. उताराखालच्या शेवटच्या ओळीत भाऊंचंच घर होतं. डोंगर सरकला तर आधी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वर्षानुवर्षं हेच चाललं. मीही कंटाळलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब सदा घाईत. छत्री कचेरीतच राहिली. भाऊंनी मला जीपच्या बॉनेटवर आडवं टाकलं. अहो, पाठ भाजून निघाली माझी! मी एक्केचाळीस दाखवले, साहेबांनी लिहून घेतले. दुरुस्ती केली आणि अंतर मागच्या महिन्याइतकंच निघालं.

"डोंगर जागच्या जागी आहे," साहेब म्हणाले.

भाऊंनी लगेच घरी फोन लावला. "काही काळजी करू नकोस गं. निवांत झोप."

मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे? ते एक्केचाळीस बॉनेटचे होते. हवेचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

आठ दिवसांनी बाई परतल्या. वही उघडली आणि दचकल्या. "एक्केचाळीस? इथे भर उन्हाळ्यात पस्तीस होत नाहीत! भाऊ, कुठे ठेवला होता याला?"

भाऊंचा चेहरा उतरला. "बॉनेटवर, बाई."

दोघं तशीच दरीवर आली. छत्री, सावली, दहा मिनिटं. मी एकोणतीसवर थांबलो. या वेळी अंतर पंधरा मिलिमीटर कमी भरलं. डोंगर तेवढा घरांकडे सरकला होता, आणि बॉनेटच्या बारा जादा अंशांनी दुरुस्तीत तेवढेच मिलिमीटर वाढवून ते झाकलं होतं.

संध्याकाळच्या आत खालची ओळ रिकामी केली. चौथ्या दिवशी दरड कोसळली. भाऊंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर दगड साचले, पण आत माणूस नव्हतं. ते बघून भाऊ ढसाढसा रडले. "आठ दिवस बायकोला मीच तिथे निवांत झोपवलं, बाई!"

आता नव्या यंत्राच्या पोटातच सेन्सर आहे. मी ड्रॉवरमध्ये पडून असतो, रेघाही पुसट झाल्यात. परवा कानावर आलं की ते यंत्रसुद्धा कुणीतरी दिवसभर उन्हात उभं केलं होतं. काय बोलावं!

मित्रांनो, मला वापरू नका, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला विचाराल त्याला आधी सावलीत न्या, आणि दहा मिनिटं थांबा. भाऊ थांबायचे. निवृत्त होईपर्यंत माझ्यावर छत्री त्यांनीच धरली, आणि जावयाचा विनोद पुन्हा कधी केला नाही.