लाल फाईल कुठे आहे?

मित्रांनो, मी एक जुनी लाल फाईल आहे. एके काळी माझ्यामुळे एक सरकार पडले होते. अर्थात पडद्यावर!

चित्रीकरणाचे सामान सांभाळणाऱ्या काकांनी मला घडवले. काकू शिवणकाम करायच्या. त्यांच्याकडचे उरलेले लाल कापड जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, वर चहाचे पाणी फिरवून काकांनी मला एका दिवसात वीस वर्षांची म्हातारी केले. वर काळ्या अक्षरांत लिहिले, ‘अतिगोपनीय’. आत मात्र कोरे कागद होते. दिग्दर्शक मला हातात घेऊन म्हणाले, “वा, अगदी खरी वाटते!” त्या दिवशी मी पुठ्ठ्यात मावत नव्हते.

सिनेमा राजकारणातल्या कटकारस्थानाचा होता. अडीच तास सगळे माझ्यामागे धावत होते. “ती फाईल कुठे आहे?” हे वाक्य त्यात अकरा वेळा होते. पहिल्या खेळाला काका मोठ्या हौसेने काकूंना आणि लेकीला घेऊन गेले. मध्यंतराआधीच काकूंना गाढ झोप लागली. लेक खाऊ आणायला म्हणून उठली, ती बाहेरच बसून राहिली.

घरी येताना काकू म्हणाल्या, “चिडू नका हं, पण त्या फाईलमध्ये होतं तरी काय?”

“कोरे कागद.”

“तेच म्हणते मी! मग तिच्यात कुणाचा जीव कशाला अडकेल?”

मला फार लागले ते. सिनेमा आठवड्यात उतरला आणि मी पेटीत गेले. तिथे खोटे टेलिफोन आणि लाकडी पिस्तुले यांच्या संगतीत कित्येक वर्षे धूळ खाल्ली.

काका निवृत्त झाले तेव्हा मला घरी घेऊन आले. कोरे कागद निघाले आणि काकूंच्या तपासण्यांचे कागद आत आले. काकूंना आताशा सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. आदल्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. पूर्वी एका भुलीच्या इंजेक्शनाने काकूंना भयंकर त्रास झाला होता. ते औषध कोणते, हे माझ्यातल्या एका चिठ्ठीवर होते. ती मिळाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते, आणि पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची होती.

झाले! घर उलथेपालथे झाले. गाद्या उचलल्या, डबे उघडले, कपाटे रिकामी झाली. काकूंनी शिवणाच्या मशीनचे खणही चाचपले. शेवटी काका कपाळाला हात लावून म्हणाले, “ती फाईल कुठे आहे?”

लेक थबकली. “बाबा, हे तर तुमच्या सिनेमातलं वाक्य! तिथे कुठे सापडते हो ती?”

“तुला माहीत नाही?”

“मी बाहेर बसले होते ना!”

“माझ्याकडे बघू नका,” काकू म्हणाल्या, “मी झोपले होते.”

“आरशामागे!” काका ओरडले. मग तडक भिंतीला टेकवलेल्या उंच आरशाकडे गेले. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला काकूंनी तो ठेवला होता. घराला रंग देताना माझ्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून काकांनी मला आरशामागे सरकवले होते, अगदी सिनेमातल्या मंत्र्याने लपवले होते तसे! सकाळपासून तिघेही पन्नासदा त्या आरशापुढून गेले होते.

मी बाहेर आले तेव्हा काकूंनी मला छातीशी धरले. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. “अहो, असा असता तुमचा सिनेमा, तर डोळ्याला डोळा लागला असता का माझ्या?”

मित्रांनो, इतकी वर्षे वाट पाहिली त्याचे चीज झाले. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर नाव घाला, तिला ठरलेली जागा द्या आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माझ्यावरचे ‘अतिगोपनीय’ आता खोडलेले आहे. त्याखाली बारीक, सरळ अक्षरांत लिहिले आहे, ‘माझे कागद. शिवणाच्या कपाटात, वरचा कप्पा.’ ऑपरेशननंतर महिन्याभराने काकूंनी ते स्वतः लिहिले, चष्मा न लावता.