पुढचा ब्रेक

आमच्या घरात व्याख्यानांना तोटा नाही. उतार दिसला की आमच्या नवऱ्याचं सुरू. ब्रेक काय, कुणीही दाबतं. खरा चालवणारा गिअर खाली टाकतो, ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी इंजिनवर उतरवतो. मी मागे बसून हूं हूं करायची. गेल्या काही महिन्यांत मात्र या व्याख्यानाला फारच जोर चढला होता.

काल मोटारसायकल सर्व्हिसिंगहून आणायला मीही बरोबर गेले. मेकॅनिक हसत म्हणाला, दोन्ही ब्रेकचे पॅड एकदमच बसवले होते, पण मागचे पार संपले आणि पुढचे अजून नव्यासारखे. साहेब पुढच्या ब्रेकला हातच लावत नाहीत वाटतं. साहेब छाती फुगवून उभे. माझं मात्र लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. मागचा ब्रेक पायाने लागतो, पुढचा उजव्या हाताने. आणि हल्ली घट्ट झाकणाची प्रत्येक बरणी माझ्याकडे येते, तूच उघड म्हणून. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायची, कप दोन्ही हातांनी धरायचा. मी आपली म्हणत होते, या वयात कसले नखरे सुचताहेत! मेली माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

आज सकाळी नात हेल्मेट घालून दारात तयार. तिची शाळा उताराच्या तळाशी, पुढ्यातच गजबजलेला चौक. रोज आजोबांच्या मागे बसून जाते. आजोबा किल्ली शोधत घर पालथं घालत होते. किल्ली माझ्या मुठीत होती.

सांगितलं, तिला घेऊन जायचं नाही. ते उखडले. इतकी वर्षं इंजिनवर उतरवतोय, कधी काही झालंय का, म्हणाले.

"आणि अचानक कुणी आडवं आलं तर?"

त्यांनी किल्लीसाठी डावा हात पुढे केला. मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मी त्यांचा उजवा हात ओढला आणि माझी बोटं त्यांच्या मुठीत दिली. म्हटलं, हाच पुढचा ब्रेक समजा.

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळावरची शीर फुगली. मी वाट बघत होते.

"अहो, दाबा ना."

"केव्हाचा दाबतोय," ते म्हणाले.

नात म्हणाली, आजोबा, उशीर होतोय. ते तिच्यासमोर वाकले, डाव्या हाताने तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला आणि म्हणाले, आज आपण चालत जाऊ.