खड्डा बुजवण्याआधी

काकांनी बाबांचं धातूशोधक मशीन परत आणून दिलं तेव्हा ते लखलखत होतं.

"बघ, नवंकोरं केलं की नाही?" ते म्हणाले. "दादानं काय अवस्था करून ठेवली होती! नॉबवर लाल डाग काय, चिकटपट्ट्या काय. स्पिरिटनं सगळं पुसून काढलं."

ते डाग नव्हते. आईच्या नेलपॉलिशच्या बाटलीतून बाबांनी लावलेल्या खुणा होत्या त्या. कोरड्या मातीत नॉब कुठवर फिरवायचा, ओल्या मातीत कुठवर, डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर किती मागे घ्यायचा, हे सगळं त्या ठिपक्यांत होतं. एकेक ठिपका लावायला त्यांनी कित्येक रविवार उन्हात घालवले होते. काकांना कापसाचा एक बोळा पुरला.

"खुणा होत्या त्या, काका."

"अगं, खुणा कसल्या! सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर ठेवून खोलवरचं काय ऐकू येणार? मी फुल्ल करून दिलीय. आणि लोखंड वगळायचा नॉबही वर नेलाय. आता खिळे वाजणार नाहीत." ते हसले. "खिळेमास्तरांची परंपरा आपल्याला थोडीच चालवायचीय?"

आई ताडकन उठून आत गेली. मी मशीन भिंतीला टेकवलं. काही बोलले असते तर ते बरं दिसलं नसतं.

'खिळेमास्तर' हे नाव क्लबातलं. जमिनीत पुरलेली जुनी नाणी शोधणाऱ्या हौशी लोकांचा हा क्लब बाबांनी उभा केला आणि काका त्याचे अध्यक्ष झाले. बाबांच्या शोकसभेतही काकांनी हे नाव काढलंच. "आमचे खिळेमास्तर! शेवटी शेवटी कान दगा देत होते बिचाऱ्याचे, नसलेले आवाज यायचे. पण उत्साह बघा!" लोक हसले. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर हशा पिकवायला एक वेगळाच निबरपणा लागतो. असा माणूस आमच्याच घरात, बाबांचा पाठचा भाऊ म्हणून वाढला, याची मला लाज वाटली.

हे नाव पडलं ते गिरणीमागच्या उतारावर. तिथं बाबांनी एका जागी पुन्हा पुन्हा मशीनची चकती फिरवली आणि खाली जुनं काहीतरी आहे म्हणाले. सगळ्यांनी खणलं. हातभर खाली गंजलेला, वाकडा खिळा निघाला. मग काय विचारता! चहाच्या कपांवर कप रिचवत सगळे हसत सुटले आणि काकांनी पायानंच माती आत ढकलली. बाबांचा एक शिरस्ता होता. खड्ड्यातून काहीही निघो, बुजवण्याआधी चकती पुन्हा एकदा आत फिरवायची. त्या दिवशी ते कुणी केलं नाही. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "परत ऐकलं नाही गं कोणी." पुढं त्यांनी अंथरूण धरलं.

आता त्या उतारावर ट्रक उभे करायला काँक्रीट पडणार होतं. मी जमिनीच्या मालकीणबाईंना फोन केला. "या रविवारी सकाळी या," त्या म्हणाल्या. "सोमवारी बुलडोझर येतोय. काही सापडलं तर आधी मला दाखवायचं, मग मी संग्रहालयाला कळवीन. नाही सापडलं तर खड्डा नीट बुजवायचा."

काकांना कुणी सांगितलं देव जाणे. मी पोचले तेव्हा ते मालकीणबाईंशेजारी छत्रीखाली खुर्ची मांडून हजर होते.

"म्हटलं, पोरगी एकटी कशाला," ते म्हणाले.

मी हेडफोन चढवला, मशीन सुरू केलं आणि कानात एकच कल्लोळ झाला. किरकिर, टकटक, मधेच शीळ. काकांनी नॉब फुल्ल केला होता ना! त्या जमिनीत लोहमाती आहे आणि बांधावरून तारा जातात. अशा ठिकाणी मशीनचा कान जास्त टवकारला की ते खोलवरचं ऐकत नाही, स्वतःच बरळायला लागतं.

बाबांबरोबर मी पुस्तक घेऊन यायची. मी वाचत बसले की ते वाक्याच्या मधेच माझ्या कानांवर हेडफोन ठेवायचे. "हे ऐक. आता हे." तेव्हा मला राग यायचा. ठिपके पुसले गेले होते, पण ते आवाज काही पुसता आले नव्हते.

मी नॉब मागे घेत गेले, किरकिर थांबून मधमाशीसारखी एकसारखी गुणगुण उरेपर्यंत.

"अगं, काय करतेस? मेलंय ते आता!" काका खुर्चीतूनच ओरडले.

मग चकती जमिनीवर वरखाली केली, वरखाली केली, आणि मातीचा नॉब हळूहळू फिरवला. माती जवळ आली किंवा लांब गेली तरी गुणगुण बदलेना, तेव्हा थांबले. शेवटी लोखंड वगळायचा नॉब शून्यावर आणला. फार खोलवरचं नाणं मशीनला धड कळत नाही. क्षणात लोखंड म्हणतं, क्षणात तांबं. लोखंड गाळलं की तेही गाळलं जातं.

"खिळे वाजतील हं!"

"वाजू देत."

"वडिलांवर गेलीय," काका मालकीणबाईंना म्हणाले.

"मग चांगलंच की," त्या म्हणाल्या.

खिळ्याच्या खड्ड्याची जागा सापडायला वेळ लागला नाही. तिथलं गवत अजून विरळ होतं. केर काढतानाही एवढा सावकाश हात कुणी फिरवत नसेल, इतकी हळू मी चकती फिरवू लागले. खरखर. पुन्हा खरखर. मग तिच्याआड एक बारीक, उंच सूर. सुईच्या टोकाएवढा. उलट दिशेनं आले तर गायब. कोनात वळून पुन्हा आले, पुन्हा तोच.

मी काकांना हाक मारली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला.

"ऐका."

मी चकती फिरवली. त्यांचा चेहरा कोरा. पुन्हा फिरवली. मालकीणबाई उठून जवळ आल्या होत्या. हेडफोनच्या फटीतून निसटणारा तो सूर त्यांनी ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. काकांनी तो ऐकला नव्हता. मी हळूच चकती हवेत उचलून धरली.

"येतोय की," काका म्हणाले. "स्पष्ट येतोय."

मला सगळं लख्ख कळलं. प्रत्येक नॉब फुल्ल का असतो, फोनवर ते ओरडून का बोलतात, नसलेले आवाज कुणाला येत होते. स्वतःचं बहिरेपण त्यांनी माझ्या वडिलांच्या नावावर खपवलं होतं, तेही बाबा उत्तर द्यायला नसताना.

"चकती हवेत आहे, काका."

त्यांनी खाली पाहिलं. हेडफोन काढला. त्याची वायर बोटांवर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

मी खणायला बसले. खिळ्याच्या खड्ड्याचा तळ लागला, माती घट्ट झाली, तरी खणत राहिले. कोपर आत जाईस्तोवर काही नाही. मग एका ढेकळाला हिरवा रंग दिसला. तांब्याची नाणी, एकमेकांना चिकटून बसलेली, छाप झिजून गेलेली. मी ती मालकीणबाईंच्या ओंजळीत ठेवली. त्या ती पदरानं पुसायला गेल्या आणि मी नको म्हटल्यावर थांबल्या.

"पुढच्या बैठकीत उभं राहून सांगायचं," मी काकांना म्हणाले. "बाबांचे कान शाबूत होते. एवढंच."

"आणि माझे?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "कुणी विचारलं तर?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मला वाईट वाटलं. पण राग कमी झाला नाही, आणि तो कमी करायची घाई मला नव्हती.

काहीतरी करायला हवं म्हणून असेल, काका बुटाच्या टोकानं माती खड्ड्यात लोटू लागले.

"थांबा," मी म्हणाले आणि हेडफोन चढवला. "आधी ऐकू द्या."