सातची ओळ

पावणेसातला किल्लीवाल्या काकांच्या हातून कानस निसटली. वाकून उचलली, पुन्हा निसटली. उजवा हात खांद्यावर टाकलेल्या ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीभर किल्ल्या आणि आत माणूस एक.

सात महिन्यांपूर्वी असंच झालं होतं. वीस मिनिटांत हात परत आला, तेव्हा काका डॉक्टरीणबाईंना म्हणाले होते, "पाहुणा आला तसा गेला."

"गेला कुठला? घर बघून गेलाय," बाई म्हणाल्या. "मेंदूतली रक्तवाहिनी अरुंद झालीय, काका. हात सुधारला म्हणून ती रुंद होत नाही. झटका पुन्हा येऊ शकतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळायचं, गोळी चुकवायची नाही, सिगारेट बंद. पुन्हा असं झालं तर कधी सुरू झालं ते घड्याळात बघायचं, औषध त्या वेळेवरून ठरतं, आणि लगेच यायचं. थोड्या वेळात बरं वाटलं तरी."

सिगारेट महिनाभर बंद राहिली. गोळ्या संपून पाच दिवस झाले होते. बरं वाटत होतं ना!

दूर नोकरी करणाऱ्या लेकीने नेम लावून दिला होता. रोज सकाळी सातला प्रार्थनेची एक ओळ स्वतःच्या आवाजात म्हणून फोनवर पाठवायची, म्हणजे जीभ साफ आहे हे तिला कळेल. ओळ काकांचीच: 'देवा, दिवस तुझा, मी तुझ्या दारातला.' उत्तराला तिचा अंगठा यायचा. नुसता अंगठा. ही ऐकते तरी का, असं वाटून काका हिरमुसायचे. पुढेपुढे ते रविवारीच बसून आठवड्याच्या ओळी फोनमध्ये म्हणून ठेवू लागले. देवापुढेही उरकाउरकी!

आज तोंड उघडलं तर 'देवा'चं 'येवा' झालं. बाकीची ओळ लाळेत बुडाली.

ही पाठवली तर पोर धावत येणार, दुकानाला कुलूप घालून आपल्याला घेऊन जाणार. सातला काकांनी डाव्या हाताने रविवारची ओळ पाठवली. खणखणीत.

अंगठा आला.

त्या अंगठ्याकडे बघत ते बसून राहिले. काकी गेली त्या दिवशीही घरात माणसं होती. आज एकच ऐकणारं उरलं होतं, आणि त्यालाच आपण फसवलं.

साडेसातला त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, तोतरी, वाकडी. तीच पाठवली.

फोन खाली ठेवायच्या आत वाजला.

"बाबा! ॲम्ब्युलन्स मागवतेय. कडी काढा, दाराशी बसा." मग दुसऱ्या फोनवर ती कुणाला तरी सांगू लागली, "नाही हो, सातला ठणठणीत होते. मी ऐकलंय. रोज दोनदा ऐकते मी."

दोनदा. काकांचे डोळे भरून आले.

"ना...ई. पा...वणे..."

"पावणेसात? मग सातची ओळ?"

"अ...विवार."

ती दुसऱ्या फोनकडे वळली. "लिहून घ्या, पावणेसातपासून. मी चुकीचं सांगितलं." आणि इकडे, "नंतर रागवेन, पोटभर रागवेन. आधी कडी, बाबा."

कडी त्यांनीच बसवलेली, सहजी न हलणारी. डाव्या हाताने तिसऱ्या खेपेला निघाली. काका उंबऱ्यावर टेकले. रस्ता रिकामा होता. फोन शेजारी जमिनीवर, चालूच.

"येवा..." त्यांनी सुरुवात केली.

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.